मे महिन्यात राजीनामा लिहू नका

मागच्या उन्हाळ्यात, नवतपा लागायला दोन दिवस असताना, भर दुपारी एक ताई माझ्या दवाखान्यात आल्या. वय एकोणचाळीस, बँकेत शाखा व्यवस्थापक. बसल्याबरोबर त्यांनी पर्समधून चार घड्या केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो राजीनामा होता. "मॅडम, मी फार वाईट झालेय. काल मुलावर हात उगारला. परवा कॅशियरला सगळ्यांसमोर नको ते बोलले. ही जबाबदारी माझ्याच्यानं होत नाही."

मी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यालात?"

त्यांना आठवावं लागलं. निघताना एक ग्लास, मग दोनदा चहा. शाखेत स्वच्छतागृह एकच, त्याची कडी नीट लागत नाही, म्हणून दहा ते सहा त्या पाण्याला तोंडच लावत नव्हत्या. एप्रिलपासून हेच चाललं होतं. रात्री झोप जेमतेम चार तास, कारण घर वरच्या मजल्यावरचं आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात मला असं सतत दिसतं. फिरतीवरच्या आरोग्यसेविका, कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकील, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या मुली. बाहेर जायची सोय नाही म्हणून पाणी नाही, आणि मग चिडचिड, डोकेदुखी, रडू. त्यात या बाया हुशार, कामाला पक्क्या. त्यामुळे त्या कारण शरीरात शोधत नाहीत, स्वतःच्या स्वभावात शोधतात.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंचवीस निरोगी तरुण स्त्रिया, आणि शरीरातलं पाणी कमी झालं ते वजनाच्या साधारण १.४ टक्के. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईत पाऊण लिटर, आपल्याकडे उन्हात दोन चकरा मारल्या की सहज जाईल एवढं. त्यांचं डोकं दुखू लागलं, लक्ष लागेना, मन बिघडलं आणि हातातलं काम अवघड वाटू लागलं. बौद्धिक चाचण्यांमधली कामगिरी मात्र फारशी घसरली नाही. हे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. कुवत तेवढीच होती, काम मात्र जड वाटत होतं. शाखा सांभाळणाऱ्या बाईला चार वाजता "मला हे जमत नाही" असं वाटतं, तेव्हा पाण्याचा तांब्या आधी उचलावा, पेन नंतर.

कडीचं काय? ती दुरुस्त करून घ्या. स्वतःच्या शाखेत कडी बसवायला सांगणं त्या ताईंना लाजिरवाणं वाटत होतं, म्हणून मी चिठ्ठीवर औषधांच्या वरच लिहिलं: कडी. पाणी एकदम लिटरभर ढोसू नका. सकाळी उठल्यावर, निघण्याआधी तासभर, मग दर तासाला अर्धा-पाऊण ग्लास. लघवी फिकट पिवळी राहिली की समजा पुरेसं आहे. जेवताना ताक घ्या, दुपारी पन्हं किंवा कोकम सरबत. रक्तदाब असेल तर त्यांतलं मीठ बेतानं घाला, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आता झोप. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान सुमारे एक अंशानं उतरावं लागतं. मेच्या अखेरीस आपल्याकडे रात्रीचा पाराच कधी कधी तिशीच्या खाली येत नाही, मग शरीर निवणार कसं? झोप तुटक होते आणि अपुऱ्या झोपेत मनाचा लगाम आधी सुटतो. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. बर्फगार पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कूलर लावला की समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. गच्चीला चुना किंवा पांढरा रंग दिला तर वरच्या मजल्याला खरोखर फरक पडतो. दुपारी तीननंतरचा चहा बंद करा, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते स्वयंपाकघर. मे महिन्यात घरातली सगळ्यात तापलेली खोली तीच, आणि तिथं पंखा लावता येत नाही, कारण गॅसची ज्योत हलते. पहाटे पाच ते सात हे दिवसातले गार तास, चालायचे, व्यायामाचे, मन ताजं व्हायचे. ते बाईचे डबे, कुरडया आणि पाहुण्यांच्या नाश्त्यात जातात. मुलांना सुट्ट्या, विदर्भातल्या शाळा उघडणार जूनच्या शेवटी, लग्नसराई जोरात, आणि ऑफिसात नव्या आर्थिक वर्षाची उद्दिष्टं नुकतीच हातात पडलेली. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं आढळलं, पुरुषांची ८८. उन्हाळ्यात यातली बरीच मिनिटं चुलीपुढची असतात, म्हणून मी याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघते.

त्यामुळे मी घरच्यांना बोलावून सांगते: दोन महिने संध्याकाळचं गरम जेवण रोज होणार नाही. दही-पोहे, सातूचं पीठ, सकाळच्याच पोळ्या चालतील. कुरडया विकत मिळतात. आणि पहाटेचा एक तास तिचा, त्या तासात तिला हाक मारायची नाही. सासूबाई कुरकुरतात, नवरे मान डोलावतात. पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की बऱ्याच घरांत ऐकतात, तेव्हा माझं नाव बिनदिक्कत पुढे करा.

त्या ताईंचा राजीनामा मी मागून घेतला आणि माझ्या खणात ठेवला. म्हटलं, झड लागू द्या, मग बोलू. जुलैत त्या आल्या तेव्हा चिडचिड उतरली होती, तक्रार मात्र उरली होती. घरापासून शाखा दूर आणि माणसं कमी. त्यांनी बदलीचा अर्ज केला होता. नोकरी, लग्न, भागीदारी यांबद्दलचे निर्णय चाळीस अंशांवर चार तासांच्या झोपेत घेऊ नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण घाईत दिलेले राजीनामे मी पाहिले आहेत.

सगळंच उन्हावर ढकलूही नका. पाणी आणि झोप सुधारूनही दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, भूक मेलेली, तर ते नैराश्य असू शकतं. काही जणांना ते दर उन्हाळ्यातच येतं. छातीत धडधड, वजन उतरणं, उकाडा अजिबात सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासा. धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन पाहा, कारण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पंचेचाळिशीच्या आसपास अंगातून वाफा निघत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर रजोनिवृत्तीबद्दल मोकळेपणानं विचारा.

मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर उन्हाळ्यात एकदा डॉक्टरांना भेटाच. काही औषधांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्यांनी तर फार जपायला हवं: घामावाटे पाणी-मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध मनानं बंद करू नका. आणि अंग भाजतंय, बोलणं असंबद्ध झालंय, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, लगेच १०८ ला फोन करा.

जगणं नकोसं वाटत असेल, तर माझ्या पुढच्या वेळेची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. तो क्रमांक फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी चिकटवून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणाच्याही हाताशी राहील.