शाळेने दिलेलं इंटरनेट घरात शिरतं तेव्हा

करोनाच्या काळात सोलापुरातल्या आमच्या शाळेला एका देणगीदार संस्थेने मुलांसाठी टॅब आणि सिमकार्डावर चालणारे छोटे राउटर दिले. मी संगणक शिकवते, त्यामुळे त्या जोडण्यांवर काय उघडेल आणि काय बंद राहील हे पाहण्याचं काम माझ्याकडे आलं. बहुतेक घरं विडी आणि यंत्रमाग कामगारांची. तेव्हा जे पटलं ते लिहून ठेवते आहे. मुलांना टॅब आणि डेटा वाटण्याच्या योजना अजून येत असतात, आणि कुठल्या ना कुठल्या शिक्षकाकडे हे काम जाणारच.

१. राउटर मुलीच्या नावावर दिला, तरी इंटरनेट घराचं होतं.

शाळेच्या संगणक कक्षात तास संपला की मूल बाहेर पडतं. घरी तसं नसतं. एका खोलीत चार-पाच माणसं, त्यात चालू डेटा असलेली जोडणी एकच. २०२१च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी असेल तर आधी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागत होती. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याकडून शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो. हे सगळं त्याच राउटरवरून व्हायचं. एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, लसीचं पान उघडत नाही. शाळेने बंद केलंय का?" शाळेच्या फिल्टरमुळे एखाद्या घराची लस अडावी, हे मला आजही सहन होत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार कायद्यात झाला आहे. तिथल्या २००० सालच्या कायद्यानुसार सरकारी मदतीने इंटरनेट घेणाऱ्या शाळांना अश्लील चित्रं रोखणारा फिल्टर लावावाच लागतो. २०२१ मध्ये मुलांच्या घरी जोडण्या आणि लॅपटॉप देण्यासाठी ७.१७ अब्ज डॉलरचा निधी उभा राहिला. तेव्हा तो नियम शाळेच्या मालकीच्या उपकरणांपुरता ठेवला गेला. कुटुंबाचा स्वतःचा फोन त्याच जोडणीवर चालत असला, तरी त्याला तो लागू नव्हता. मला ही रेघ बरोबर वाटते. शाळेने टॅब दिला असेल तर फिल्टर टॅबमध्ये असावा. राउटर मोकळा राहू द्यावा.

२. "फक्त अभ्यासाच्या साइट चालू ठेवा" ही सूचना कागदावर सोपी दिसते.

देणगीदारांचा आग्रह याच पद्धतीचा होता: दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं पोर्टल, गूगल मीट आणि शिक्षकांनी सांगितलेल्या काही साइट सुरू, बाकी सगळं बंद. पण एक पान उघडताना ते चित्रं एका ठिकाणाहून घेतं, अक्षरं दुसरीकडून, आणि लॉगिन तिसऱ्याकडे पाठवतं. यादीत पहिलं नाव असतं, उरलेली नसतात. मग पान अर्धवट उघडतं, व्हिडिओच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. शिकणाऱ्या मुलाच्या मनात ही शंका निर्माण करणं फार वाईट. नकोशा गोष्टींची छोटी यादी बंद ठेवणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

३. फिल्टरला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पालकांना आधी सांगावं.

घरगुती फिल्टर बहुधा डीएनएसवर चालतो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची जी पायरी असते, तिथेच तो "हा पत्ता देत नाही" म्हणतो. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. तिचा १.१.१.३ हा पत्ता घातला की प्रौढांच्या साइट आणि घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या साइट अडतात. अँड्रॉइड ९पासून पुढच्या उपकरणांत 'प्रायव्हेट डीएनएस' या सेटिंगमध्ये त्या सेवेचं नाव लिहिलं की काम होतं, राउटरला हात लावावा लागत नाही.

मात्र हा फिल्टर साइटचं नाव पाहतो, आतलं पान पाहत नाही. यूट्यूब एक तर पूर्ण उघडतं किंवा पूर्ण बंद. कोणता व्हिडिओ चांगला आणि कोणता वाईट, हे त्याला कळत नाही. यूट्यूबचा स्वतःचा निर्बंधित मोड थोडी मदत करतो, पण त्यात निरुपद्रवी व्हिडिओही कधी कधी गायब होतात. व्हॉट्सअॅपवर आलेलं चित्र तर या सगळ्याच्या बाहेरच राहतं.

४. शब्दांवर बंदी घालू नये.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा धडा आहे, आणि 'सामाजिक आरोग्य' या धड्यात व्यसनं आणि सायबर गुन्हे येतात. शब्द पाहून अडवणारा फिल्टर नेमके हेच धडे शोधणाऱ्या मुलीला थांबवतो. पाळीबद्दल किंवा स्तनाच्या कर्करोगाबद्दल वाचू पाहणाऱ्या तिच्या आईलाही. आमच्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, शाळा मराठी, करमणूक हिंदी. शब्दांची यादी इंग्रजी. त्यामुळे जे अडायला हवं ते तीन भाषांतून सहज निसटतं.

५. मुलांना त्रास झाला तो बहुतेक वर्गाच्याच दारातून.

तासाची लिंक एका गटातून दुसऱ्या गटात जायची आणि अनोळखी माणूस वर्गात येऊन घाण बोलायचा. त्यावर फिल्टर निरुपयोगी. प्रतीक्षा कक्ष सुरू ठेवणं, मुलांना पूर्ण नावाने यायला सांगणं, आणि शिक्षकांनी एकेकाला आत घेणं, यानेच ते थांबलं. तासाची पहिली पाच मिनिटं त्यात जायची. ती जाऊ द्यावीत.

६. जे लावलं आहे ते मुलांना सांगूनच लावावं.

जून २०२०च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, सप्टेंबरमध्ये पबजीवर. अशी बंदी चुकवून देणारं व्हीपीएन हा शब्द आमच्या आठवीच्या पोरांच्या तोंडी तेव्हाच आला. चोरून लावलेला फिल्टर ती शोधून काढतात, आणि मग आपण पुढे काहीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. मी तासाला पडद्यावर सेटिंग उघडून दाखवायचे: हे बंद आहे, या कारणासाठी, चुकून काही अडलं तर मला सांगा. सांगणारी मुलं निघाली. त्यांतल्या काहींनी, फिल्टरमधून निसटून आलेलं काहीतरी दिसलं आणि भीती वाटली, हेही सांगितलं. हे मला कुठल्याही फिल्टरने कळवलं नसतं. घरी मारच बसत असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लावायचा, हेही त्याच तासाला सांगितलं. तो क्रमांक फळ्यावर लिहिलेला असायचा.

७. नोंदी ठेवू नयेत.

बऱ्याच फिल्टरमध्ये कोणी कधी कोणती साइट पाहिली याची यादी राहते. शाळेच्या कक्षात ती मुलांची यादी. घरात ती बापाच्या कर्जाची, आजीच्या आजाराची, नव्या कामाच्या शोधाची यादी होते. देणगीदारांना दर महिन्याला 'वापराचा अहवाल' हवा होता. मी किती घरांत डेटा वापरला गेला एवढंच दिलं, आणि मुख्याध्यापिका माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. आता आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण शाळेने कायद्याची वाट का पाहावी? जी यादी कोणी लिहूनच ठेवत नाही, ती फुटतही नाही.

८. अडलेलं उघडून देणारा माणूस ठरलेला असावा.

फिल्टरचं कंत्राट देताना ही गोष्ट कोणी विचारत नाही. उघडून द्यायला कंपनीच्या मदत केंद्राकडे अर्ज करावा लागत असेल, आणि तो इंग्रजीत असेल, तर विडी वळणारी आई तो करणार नाही. ती मुलीला "राहू दे" म्हणेल. आम्ही प्रत्येक राउटरच्या डब्यावर शाळेचा क्रमांक मराठीत आणि तेलुगूत चिकटवला. संध्याकाळी सहा ते नऊ दोन शिक्षक आळीपाळीने फोन घ्यायचे, त्यांतल्या एक बाई तेलुगू बोलणाऱ्या. कारण विचारायचं नाही, साइटचं नाव घ्यायचं आणि त्याच संध्याकाळी उघडून द्यायचं, असं ठरवलं होतं. आलेल्या मागण्यांत सरकारी पोर्टल, दवाखान्याचे अहवाल आणि शिवणकामाचे व्हिडिओ सगळ्यात जास्त होते.