दोन लेकरांची आई

फॅनी ब्लँकर्स-कून ही हॉलंड देशातली बाई. लग्नाआधीपासून ती शर्यतीत पळत असे. पुढे तिला दोन मुले झाली. धाकटी मुलगी १९४६ साली झाली. त्याच वर्षी फॅनी पुन्हा शर्यतीत उतरली.

लोक म्हणाले, "आता कसलं पळणं! घरात बस, लेकरं सांभाळ." फॅनीने लेकरंही सांभाळली, पळणंही सोडलं नाही. मुलांना घेऊन ती मैदानावर जाई.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. फॅनी तेव्हा तीस वर्षांची होती. दोन शर्यती जिंकल्यावर तिला घरची फार आठवण आली. ती रडली. "मी परत जाते," म्हणाली. नवऱ्याने समजूत घातली. ती पुन्हा पळाली. सोन्याची चार पदके घेऊन घरी आली!

बायांनो, बाळंतपणानंतर लगेच पळू नका. आधी रोज थोडे चाला. तीन महिने होऊ द्या. मग डॉक्टरांना विचारून हळूहळू पळा. दुखले किंवा अंगावरून गेले, तर थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

आणि घरच्यांनो, घटकाभर लेकरू तुम्ही घ्या. तिचं मन खचलं, तर धीर द्या. आईचे पाय त्या धीरावर पळतात.