मोटारीतील वीज आणि वितळतार

तंजावर हे नाव मराठी वाचकास भोसले राजांमुळे व सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या नगरात मे महिन्यात दुपारचे तापमान ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आत ते त्याहून पुष्कळच वाढते. बृहदीश्वर मंदिराच्या दर्शनास आलेल्या अशा एखाद्या मोटारीत दूरध्वनीचा चार्जर व काचेमागील छोटा कॅमेरा मागाहून कायमचे जोडलेले आहेत, असे समजू. ही जोडणी कशी असावी, म्हणजे मोटार सुरक्षित राहील, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मोटारीतील विजेचा साठा म्हणजे शिसे व गंधकाम्ल यांची १२ व्होल्टची बॅटरी. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधून काढलेल्या घटाचीच ती वंशज होय. पूर्ण भरलेल्या व विश्रांत बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असता जनित्र तो सुमारे १४ व्होल्टपर्यंत नेते. या बॅटरीचे ऋण टोक मोटारीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेले असते. त्यामुळे उपकरणापर्यंत धन टोकाची एकच तार न्यावी लागते. परतीची वाट सांगाडाच पुरवितो. ही सोय मोठी, परंतु धोकाही तिच्यातच आहे. तारेचे वेष्टन कोठेही घासून फाटले व तांबे सांगाड्यास टेकले, की मंडल तेथेच पूर्ण होते.

त्याचा परिणाम गणिताने समजून घेता येतो. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ३ मीटर लांब असेल, तर तिचा रोध सुमारे ०.१०५ ओहम भरतो. ४५ वॅटच्या चार्जरला, उष्णतेत होणारा थोडा व्यय धरून, सुमारे ४.२ अँपिअर प्रवाह लागतो. एवढ्याने तार फारशी तापत नाही. परंतु तिचे दूरचे टोक सांगाड्यास चिकटले, तर ओहमच्या नियमानुसार १२ भागिले ०.१०५, म्हणजे जवळजवळ ११४ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. बॅटरीचा स्वतःचा अल्प रोध सोडून दिला, तर त्या बारीक तारेत १,३०० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. कपड्यांच्या इस्त्रीइतकी ही उष्णता असते, आणि तिच्याभोवती प्लास्टिक व कापड असते.

यावरील उपाय म्हणजे वितळतार, अर्थात फ्यूज. मर्यादेबाहेर प्रवाह जाताच ती वितळते व मंडल तुटते. तिच्याविषयी एक गैरसमज प्रचलित आहे, तो असा की ती उपकरणाच्या रक्षणासाठी असते. वास्तविक तिचे पहिले काम तारेचे रक्षण हे होय. म्हणूनच ती उपकरणाजवळ न बसविता, जेथून वीज घेतली त्या जागेजवळ बसवावी. अन्यथा मधली सारी तार अरक्षित राहते. वर सांगितलेल्या जोडणीस साडेसात अँपिअरची वितळतार योग्य ठरेल. ती वितळल्यास तिच्या जागी २० अँपिअरची बसविणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय. दोष शोधावा, पहारा सैल करू नये.

तारेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. घरगुती पीव्हीसी तारेचे वेष्टन सामान्यतः ७० अंश तापमानापुरते बनविलेले असते. तंजावरच्या उन्हात तापलेल्या गाडीत त्या मर्यादेपर्यंत फारसे अंतर उरत नाही. म्हणून मोटारीसाठी बनविलेली, अधिक उष्णता सोसणारी, अनेक बारीक तंतूंची तारच वापरावी. पत्र्यातील छिद्रातून ती नेताना छिद्रास रबरी कडे असावे. अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या मार्गात ती कदापि आडवी येऊ देऊ नये.

आता वीज कोठून घ्यावी, हा प्रश्न उरतो. किल्ली फिरविल्यावरच ज्या वाटेने वीज येते, तिच्यावर चार्जर जोडावा. गाडी बंद केली की चार्जरही बंद होतो. कॅमेरा मात्र उभ्या गाडीवर लक्ष ठेवण्यासाठी पुष्कळदा अखंड वाटेवर जोडतात. तो केवळ ०.३ अँपिअर घेत असला, तरी २४ तासांत ७.२ अँपिअर-तास खर्च होतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अशा प्रकारे तीन दिवसांत जवळजवळ अर्धी रिकामी होते. शिवाय उष्णतेत बॅटरीचा आपोआप होणारा ऱ्हासही वाढतो. यात्रेकरू गाडी ठेवून रेल्वेने चार दिवस बाहेरगावी गेला, तर परत आल्यावर इंजिन सुरू न होण्याची भीती आहे. कारण सुरू करणाऱ्या मोटरला क्षणभर शंभरावर अँपिअर लागतात. यासाठी दाब १२ व्होल्टच्या आसपास उतरताच प्रवाह तोडणारे साधन कॅमेऱ्यास जोडावे.

काम आरंभण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे. असे केल्यास पाना चुकून पत्र्यास लागला, तरी ठिणगी उडत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी वेष्टनाच्या तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. त्यांस हात लावू नये.

तंजावरच्या दक्षिणेस कारैकुडी येथे १९५३ साली उघडलेल्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेत बॅटरीच्या रसायनशास्त्राचे संशोधन चालते. शास्त्रज्ञ कितीही उत्तम बॅटरी निर्माण करोत, तिच्यातून निघणारी पहिली वीतभर तार सुरक्षित ठेवण्याचे काम मात्र ती जोडणाऱ्या माणसाचेच आहे.