नागपूरची द्विभाषिकता आणि वाङ्मयेतिहासाची चौकट

नागपूरच्या मराठीतील हिंदी छटांकडे बहुधा ‘भेसळ’ म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी शहराच्या घडणीशी विसंगत आहे. गोंड राजा बख्तबुलंद याने वसविलेल्या या नगरात भोसल्यांच्या राजवटीत मराठी रुजली. १८६१ मध्ये ते मध्य प्रांताची राजधानी झाले; १९०३ मध्ये वऱ्हाड त्या कारभाराला जोडले गेले. महाकोशल, छत्तीसगडचा हिंदी मुलूख आणि मराठी विदर्भ यांचा व्यवहार एकाच शहरातून चालू लागला. १९५६ मध्ये राजधानी गेली, द्विभाषिकता उरली.

या संदर्भात मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण बोलके आहे. मराठी घरातले गजानन माधव १९४८ ते १९५८ या काळात नागपुरात राहून हिंदीत लिहीत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी याच शहरात अध्यापन केले आणि कविता, कादंबरी व समीक्षा मराठीत लिहिली. दोघांच्याही चिंतनाला मार्क्सवादाची बैठक होती. भाषानिहाय अभ्यासक्रमात मात्र एक बंधू हिंदी विभागाच्या वाट्याला येतो, दुसरा मराठी विभागाच्या. दोघांना जोडणारे शहर कोणाच्याच वाट्याला येत नाही.

भाषेऐवजी नगर हे अभ्यासाचे एकक मानल्यास ही उणीव भरून निघू शकेल.