इशाऱ्याचा दिवा काय सांगतो?

उघड्या खाणीत कोळसा वाहणाऱ्या डंपरच्या चालकासमोर एकाएकी लाल दिवा लागतो, इंजिनाची शक्ती कमी होते आणि पडद्यावर इंजिनातील तेलाच्या दाबासंबंधीचा इशारा उमटतो. मागे गाड्यांची रांग लागते. अशा वेळी पर्यवेक्षकापुढे दोन मोह उभे राहतात. एक म्हणजे, नवा संवेदक बसवून मोकळे व्हावे. दुसरा म्हणजे, तारांची काही तरी जोडाजोड करून इशारा गप्प करावा आणि पाळी संपेपर्यंत गाडी चालवावी. पहिल्यात पैसा व वेळ वाया जाण्याचा संभव असतो. दुसऱ्यात इंजिन निकामी होण्याचा आणि प्रसंगी माणसाच्या प्राणावर बेतण्याचा धोका असतो. हे दोन्ही टाळावयाचे तर इशाऱ्याचा नेमका अर्थ आधी समजून घेतला पाहिजे.

जुन्या यंत्रांत चालकाचा हात आणि इंजिन यांच्यामध्ये सळ्या, तरफा व झडपा असत. बिघाड बहुधा डोळ्यांना दिसे किंवा कानांना ऐकू येई. आजच्या यंत्रांत ही मध्यस्थी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेली आहे. नियंत्रकाला तेल दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ विद्युत्‌दाब. दाब मोजणाऱ्या एका नेहमीच्या प्रकारच्या संवेदकाला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि तो सुमारे ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान संकेत परत पाठवितो. दोन्ही टोकांना सोडलेली ही मोकळी जागा हेतुपुरस्सर असते. तेलाचा दाब शून्य झाला तरी संकेत शून्य होत नाही. म्हणून संकेत शून्यावर आला किंवा पाचला जाऊन भिडला, तर नियंत्रक ओळखतो की ही बातमी तेलाची नव्हे. बातमी आणणाऱ्या मार्गातच काही तरी बिघडले आहे.

हा भेद बिघाडाच्या सांकेतिक क्रमांकात नोंदलेला असतो. अवजड वाहने व यंत्रे यांत सर्वत्र रूढ असलेल्या ‘एसएई जे-१९३९’ या मानकानुसार प्रत्येक तक्रारीला मुख्यतः दोन क्रमांक असतात. पहिला क्रमांक तक्रार कशाविषयी आहे ते सांगतो. इंजिनातील तेलाच्या दाबाचा क्रमांक १०० आहे. दुसरा क्रमांक बिघाडाचा प्रकार सांगतो. १ म्हणजे मोजमाप विश्वसनीय आहे, पण मूल्य धोकादायक इतके खाली आले आहे. ३ म्हणजे संकेताचा विद्युत्‌दाब वाजवीपेक्षा अधिक, आणि ४ म्हणजे वाजवीपेक्षा कमी. तेव्हा ‘१००, १’ आणि ‘१००, ४’ या नोंदी दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. पहिलीत यंत्र आजारी आहे; दुसरीत निरोप्या आजारी आहे. पहिली दिसताच इंजिन बंद करून तेलाची पातळी, गाळणी, पंप व बेअरिंगे तपासावी लागतात. दुसरीत शोध तारांपासून सुरू होतो. परंतु तेथेही तेलाचा खरा दाब साध्या यांत्रिक दाबमापकाने पडताळल्यावाचून गाडी कामावर पाठविणे योग्य नव्हे.

पहिल्या क्रमांकाला मानकाने दिलेल्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे. पुरावा मोजमापानेच मिळतो. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून आणि उचललेला हौदा खाली घेऊन किंवा नीट अडकवून मगच तपासणी सुरू करावी. संवेदकाची जोडणी काढून तेथे ५ व्होल्टचा पुरवठा आणि परतीची तार शाबूत आहे ना, हे पाहावे. अनेक रचनांत जोडणी काढताच संकेत वर जातो आणि ४ ऐवजी ३ हा क्रमांक उमटतो. तसे झाल्यास तार व नियंत्रक दोन्ही आपले काम करीत आहेत आणि संशय संवेदकावर स्थिर होतो. काहीच बदलले नाही, तर संकेताची तार कोठे तरी घासून सांगाड्याला टेकली असण्याचा संभव अधिक. रचना कोणती आहे हे मात्र यंत्राच्या पुस्तिकेतील आकृतीवरून आधी जाणून घ्यावे.

मोजमापही फसवू शकते. दिवा, झडपेचे वेटोळे किंवा रिले यांच्याकडे जाणाऱ्या गंजलेल्या सांध्यात २ ओहम रोध निर्माण झाला आहे, असे समजू. जोडणी काढून मोजले तर मीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवील, कारण मीटरमधून जाणारा प्रवाह नगण्य असतो. पण ६ ओहम रोधाचे वेटोळे जोडताच एकूण रोध ८ ओहम होतो, प्रवाह ४ ऐवजी ३ अँपिअरवर येतो आणि ६ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. वेटोळ्याच्या वाट्याला उरतात १८. म्हणून असे मंडल नेहमी भार असताना तपासावे.

एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक तक्रारी एकाच वेळी आल्या, तर प्रत्येकीच्या मागे धावू नये. त्यांच्यात समान काय आहे ते शोधावे. बॅटरी, सांगाड्याशी जोडलेली ‘अर्थ’, अनेक संवेदकांना मिळून असलेला ५ व्होल्टचा पुरवठा, किंवा नियंत्रकांना परस्परांशी जोडणारी ‘कॅन’ ही तारांची जोडी, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलेल्या या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले, तर एका टोकाचा रोध नाहीसा झाला आहे किंवा वाटेत तार तुटली आहे.

सर्वांत अवघड बिघाड म्हणजे येणारा-जाणारा. पावसाचे पाणी जोडणीत शिरते, उन्हाने ते सुकते. खडबडीत रस्त्यावर पिन हलते, कार्यशाळेत ती पुन्हा टेकते. अशा वेळी चालकाला विचारलेले चार प्रश्न महागड्या उपकरणाइतकेच उपयोगी पडतात: बिघाड केव्हा झाला, चढावर की उतारावर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, पावसापूर्वी की नंतर? त्या उत्तरांची नोंद ठेवावी, तारांचा जुडगा हलवीत संकेतावर लक्ष ठेवावे आणि दुरुस्तीनंतर तशाच परिस्थितीत यंत्र चालवून पाहावे. दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असे नव्हे. तो का लागला होता हे सांगता आले, आणि त्या कारणाचे निवारण झाल्याचे मोजमापाने दाखविता आले, तरच निदान पूर्ण झाले असे समजावे.