माशाच्या गुणसूत्रांवरचे पत्ते

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे बाजारात आपण डोळ्यांनी ओळखतो. पण त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की पंचाईत होते. तिघांचीही गुणसूत्रे ५०! नुसत्या मोजणीने जात कळत नाही. मग गुणसूत्रांवर खुणेच्या जागा शोधाव्या लागतात. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला आवडलेला हा विषय इथे सोप्या भाषेत मांडते.

खूण म्हणून रायबोसोमची जनुकंच का? रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. त्याच्या आरएनएच्या जनुकांच्या शेकडो प्रती एकामागे एक रांगेत असतात, म्हणून ती जागा ठळक दिसते. यांची कुटुंबं दोन : १८एस, ५.८एस आणि २८एस एकत्र नांदतात. ५एसचं बिऱ्हाड वेगळं, अनेक माशांत तर दुसऱ्याच गुणसूत्रावर.

आधी माशाला कोल्चिसिन टोचतात. त्याने पेशींचं विभाजन मध्येच थांबतं. मग मूत्रपिंडातल्या पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवतात, मिथेनॉल आणि असेटिक आम्लात टिकवतात आणि काचपट्टीवर थेंब टाकतात. गुणसूत्रं सुटी पसरतात.

आता जागा शोधायची. जुनी रीत सिल्व्हर नायट्रेटची. हॉवेल आणि ब्लॅक यांनी १९८० साली ती सोपी केली. या जनुकांच्या जागी काळे ठिपके उमटतात. पण चांदी खरं तर तिथल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून नुकतीच कामात असलेली जनुकंच दिसतात. गप्प बसलेली सुटतात. त्यामुळे एकाच माशाच्या दोन पेशींत ठिपके कमीजास्त भरू शकतात.

दुसरी रीत फ्लुरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन. गंमत म्हणजे आद्याक्षरं जोडली की 'फिश' होतं! गुणसूत्रातल्या डीएनएचे दोन धागे उष्णतेने सुटे करतात आणि त्यावर जनुकाचा चमकता पूरक तुकडा सोडतात. तो आपला जोडीदार शोधून चिकटतो. जनुक जागं असो वा झोपलेलं, जागा उजळते.

हा खटाटोप कशासाठी? हॅचरीत रोहू-कटल्याचा संकर होतो आणि ती संकरित पिल्लं पुढे प्रजननक्षम असतात. पुरात तळं फुटलं की ती नदीत जातात, मूळ वाणात मिसळतात. दोन जातींच्या खुणा वेगळ्या असतील तर पहिल्या पिढीच्या संकरात दोन्हीकडच्या खुणा एकत्र सापडतात. पुढच्या पिढ्यांसाठी मात्र आणखी खुणा लागतात.

म्हणून ठिपक्यांचा आकडा वाचलात की आधी विचारा : चांदीचे, की फिशचे?