बापूकुटी

घर लहान की मोठे, हे त्यात राहणारी माणसे ठरवतात. वर्ध्याजवळील सेवाग्रामची बापूकुटी पाहिली म्हणजे याची प्रचीती येते.

स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमती आश्रमात परतणार नाही, असा निश्चय करून गांधीजी १९३० मध्ये दांडीयात्रेस निघाले. पुढे १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. निवासस्थानासाठी शक्य तितका कमी खर्च व्हावा व सामान आसपासचेच वापरावे, अशी त्यांची अट होती. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये या गावाला ‘सेवाग्राम’ हे नाव मिळाले.

माती, बांबू आणि कौले यांनी उभारलेली ही कुटी मुळात मीराबेन यांची. इंग्लंडमधील नौसेनाधिकाऱ्याची ही कन्या ऐश्वर्य सोडून खेड्यातील सेवाकार्यात रमली होती. पुढे गांधीजी त्यांच्या कुटीत राहू लागले.

परचुरेशास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले होते. त्या काळी अशा रुग्णाची सावलीही लोक टाळीत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी कुटी बांधविली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली.

१९४६ मध्ये गांधीजी येथून गेले, ते पुन्हा परतले नाहीत. कुटी मात्र आजही उभी आहे आणि येणाऱ्याला जणू विचारते, “जगाने दूर लोटलेल्या माणसासाठी तुमच्या घरात जागा आहे का?”